मंद्रूपचा मुक्काम आणि पंधरा हजारांचा हिशेब

सोलापूरहून विजापूर रस्त्याने निघाले की सोरेगाव, हत्तूर ही गावे मागे पडतात, वडकबाळला सीना नदी ओलांडली जाते आणि मग दोन्ही हातांना काळी जमीन पसरत जाते. हिवाळ्यात याच जमिनीवर मालदांडी ज्वारी डोलत असते. मे महिन्यात मात्र नांगरटीची ढेकळे उन्हात भाजत पडलेली असतात. शहर सोडल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात मंद्रूप येते. दक्षिण सोलापूर तालुक्यातील हे बाजाराचे गाव. जवळच तेरामैल नावाचा थांबा आहे. मैलांचे दगड गेले, किलोमीटर आले, रस्ता चौपदरी झाला, तरी ते नाव लोकांच्या तोंडी कायम राहिले आहे.

हा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५२. पंजाबातील संगरूरपासून निघून कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील अंकोल्यापर्यंत तो जातो. त्यामुळे रात्रंदिवस मालट्रकांची रीघ असते. भीमा ओलांडली की कन्नड मुलूख सुरू होतो, पण भाषा मात्र नदीची वाट पाहत नाही. मंद्रूपच्या बाजारात गिऱ्हाईक कन्नडमध्ये भाव विचारते, दुकानदार मराठीत उत्तर देतो आणि व्यवहार कोणाचेही काही न अडता पुरा होतो.

माझी धाकटी बहीण येथे दिली आहे. घरचे किराणा-भुसाराचे दुकान आता माझा भाचा पाहतो. २०१९ मध्ये बँकेतून निवृत्त झाल्यापासून दर मे महिन्यात आठ-दहा दिवस बहिणीकडे राहण्याचा माझा नेम आहे. २०२४ च्या मुक्कामात जे घडले, ते घरोघरी घडणारे असल्यामुळे वाचकांपुढे ठेवीत आहे.

पोहोचलो त्याच संध्याकाळी घरात काही बिनसले असल्याचे जाणवले. आमची जेवणे नेहमीप्रमाणे सूर्यास्तापूर्वी आटोपली, पण भाच्याचा मुलगा खाली मान घालून जेवला आणि लगेच उठून गेला. बाप-लेकांत एक शब्दही झाला नाही. बहिणीने नंतर हळूच सांगितले, “दादा, पंधरा दिवस असेच चालले आहे.”

कारण एका वचनाचे होते. दहावीची परीक्षा झाली की गेम खेळता येईल असा संगणक घेऊन देईन, असे भाच्याने मुलाला वर्षापूर्वी सांगितले होते. मुलाने परीक्षा मनापासून दिली आणि सुट्ट्या लागताच यादी पुढे ठेवली. नवा प्रोसेसर, नवे ग्राफिक्स कार्ड, मोठा मॉनिटर, रंगीत दिव्यांचे कॅबिनेट, वर खुर्ची. एकूण बेरीज बहात्तर हजार. मधल्या काळात २०२३ चा पावसाळा कोरडा गेला, उजनी धरण भरले नाही, शेतकऱ्यांची उधारी दुकानात अडकून पडली. भाच्याने नकार दिला. नकाराचे कारण मात्र त्याने सांगितले नाही. “गेम खेळून कोणाचे भले झाले आहे?” एवढेच बोलून तो मोकळा झाला. दुकानाची ओढाताण मुलाला सांगणे त्याला कमीपणाचे वाटले असावे. मुलाला मात्र वडिलांनी शब्द मोडला, एवढेच दिसले.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी भाच्याला म्हणालो, “कमी पडत असतील ते पैसे मी घालतो.” तो म्हणाला, “मामा, शब्द मी दिला आहे. तुम्ही पैसे दिलेत तर तो माझा शब्द राहत नाही.” या उत्तराने मला समाधान वाटले. मग तो स्वतःच म्हणाला, “पंधरा हजारांपर्यंत माझी तयारी आहे. त्याच्यात काय होते ते बघा.” मी एकच अट घातली. पंधराच हजार का, हे त्याने मुलाला स्वतःच्या तोंडाने सांगायचे. त्या दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत बाप-लेक तासभर बसले. उधारीची वहीच भाच्याने मुलापुढे उघडून ठेवली होती, असे मला नंतर समजले.

पंधरा हजारांत नवा संगणक येत नाही. घरी मात्र एक जुना होता. २०१९ मध्ये दुकानाच्या हिशेबासाठी घेतलेला, कोण्या कार्यालयात आधी वापरलेला, अंगाने सडपातळ असा तो संगणक होता. नवा लॅपटॉप आल्यापासून तो माळ्यावर पडून होता. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क आणि साडेअठरा इंचांचा मॉनिटर. नातू म्हणाला, “मामाआजोबा, हा डबा आहे.” मी म्हणालो, “डबा आहे की नाही, ते आधी मोजू.”

माझे वाणिज्य शाखेचे शिक्षण आणि बँकेतील नोकरी यांत संगणकाचे यंत्रशास्त्र कोठेच नव्हते. पण १९८४ च्या डॉ. रंगराजन समितीच्या अहवालानंतर आमच्या बँकांमध्ये लेजर पोस्टिंग यंत्रे आली, तेव्हा मी तरुण होतो. कित्येक महिने आम्ही हाताने लिहिलेले खाते आणि यंत्रातील खाते रोज ताडून पाहत असू आणि दोन्ही जुळल्याखेरीज यंत्रावर विसंबत नसू. ती सवय मंद्रूपला कामी आली.

पहिला प्रसंग लगेच उद्भवला. नातू उत्साहाने म्हणाला, “हार्ड डिस्क फॉरमॅट करून टाकतो.” त्या डिस्कवर दुकानाचे पाच वर्षांचे हिशेब होते. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे ज्या त्या वर्षाचे वार्षिक विवरण भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. मी त्याला थांबवले. दोन पेनड्राइव्हवर प्रती घेतल्या आणि त्या लॅपटॉपवर उघडून पाहायला सांगितल्या. पहिली प्रत उघडलीच नाही. नक्कल पुरी होण्याआधीच घाईने पेनड्राइव्ह ओढून काढला गेला होता. दुसरी उघडली, तेव्हा भाच्याचा जीव भांड्यात पडला. प्रत घेतली म्हणजे काम झाले असे नाही. ती उघडून, दोन-चार खात्यांच्या शिलकी ताडून पाहिल्या, तरच ती प्रत. जुनी डिस्क पुढे आम्ही पुसलीच नाही. काढून, तिच्यावर वर्षांची चिठ्ठी चिकटवून, वह्यांच्या कपाटात ठेवली.

मग प्रश्न आला, पैसे कोठे घालायचे? मी नातवाला विचारले, “बाजार समितीत दहा हमाल लावले आणि काटा एकच असला, तर माल कोठे अडतो?” तो म्हणाला, “काट्यापाशी.” संगणकाचेही असेच आहे. त्यातला एक भाग इतरांना अडवून धरतो. तो ओळखल्याशिवाय दुसऱ्या भागावर केलेला खर्च वाया जातो.

मोजण्यासाठी खेळ हवा. नातवाच्या मनात ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ हा खेळ होता. चेक प्रजासत्ताकातील एका कंपनीने २०१२ मध्ये काढलेला. युरोपातील रस्त्यांवरून मालट्रक हाकायचा, माल वेळेवर पोहोचवायचा, डिझेल आणि दुरुस्तीचा खर्च भागवून आपली वाहतूक कंपनी वाढवायची. बहिणीने विचारले, “यात कोणाला मारायचे वगैरे आहे का?” नातू हसून म्हणाला, “नाही आजी, ट्रक कोणाला धडकला तर उलट दंड भरावा लागतो.” महामार्गाच्या काठी वाढलेल्या मुलाने हाच खेळ निवडावा, याचे मला नवल वाटले नाही. या खेळाची चाचणीपुरती प्रत फुकट मिळते. ती घालून पाहिली.

पडद्यावरचे चित्र हलते दिसते, ते दर सेकंदाला अनेक स्थिर चित्रे काढली जातात म्हणून. साठ चित्रे निघाली तर रस्ता गुळगुळीत, तीसपर्यंत चालवून घेता येते, त्याखाली गाडी गचके खाते. आमच्या संगणकावर हा आकडा विसाच्या आसपास होता, तोही अडखळत. खेळ सुरू व्हायलाच दोन मिनिटांहून अधिक लागत होती. नातवाने वहीत तारीख घालून हे आकडे लिहिले.

त्याच वहीत त्याने प्रत्येक भागाचे काम माझ्या भाषेत लिहून घेतले. हार्ड डिस्क म्हणजे गोदाम, रॅम म्हणजे गल्ल्यापुढचा ओटा. ओटा लहान असला की हाताशी लागणारा माल पुन्हा पुन्हा गोदामातून आणावा लागतो. एसएसडी म्हणजे दुकानाला लागूनच असलेले गोदाम. ट्रक कोठे आहे, सिग्नल कोणता आहे, हे प्रोसेसर ठरवतो. पण त्या दृश्यातील प्रत्येक ठिपक्याला रंग देण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे. आमच्या संगणकात स्वतंत्र कार्ड नव्हतेच. ते काम प्रोसेसरमधील छोटी सोय जमेल तसे करीत होती. आमचा काटा हाच होता.

याच ठिकाणी नातवाला ज्या मॉनिटरची लाज वाटत होती, त्याने आमचे पैसे वाचवले. नव्या मोठ्या मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. आमच्या जुन्या मॉनिटरवर १३६६ गुणिले ७६८, म्हणजे १०,४९,०८८. काम जवळजवळ निम्मे. साध्या कार्डानेही ते पेलते. म्हणून मॉनिटर बदलायचा नाही, असे नातवानेच ठरवले आणि यादीतील सर्वांत मोठ्या रकमांपैकी एक त्याने स्वतःच्या हाताने खोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही दोघे सोलापूरला गेलो. दोन-तीन दुकाने फिरून भाव विचारले. जुन्या मालाचा व्यवहार पारखूनच करावा लागतो, हे आपल्या घरांत सांगायला नको. तरी काही गोष्टी नव्याने समजल्या. जीटी १०३० या एकाच नावाने दोन प्रतींची कार्डे विकली जातात. एकात जीडीडीआर-पाच जातीची वेगवान मेमरी असते, दुसऱ्यात साधी डीडीआर-चार, आणि दुसरे बरेच संथ चालते. खोक्यावरचे बारीक अक्षर वाचले नाही तर फसगत ठरलेली. तसेच २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलल्यावर, त्याच्या ‘खाणकामात’ अहोरात्र राबलेली पुष्कळ कार्डे जुन्या बाजारात आली. म्हणून वापरलेले कार्ड दुकानातच अर्धा तास चालवून, पंखा आणि तापमान पाहूनच घ्यावे.

रॅम डीडीआर-तीन जातीचीच लागणार होती. नवी डीडीआर-चार जुन्या खाचेत बसत नाही. आठ-आठ जीबीच्या दोन जुन्या पट्ट्या सतराशे रुपयांना मिळाल्या. सोळाची एकच पट्टी घेण्यापेक्षा आठच्या दोन बऱ्या, कारण दोन वाटांनी माल एकदम येतो. पाचशे जीबीची नवी एसएसडी दोन हजार नऊशेला, तीन वर्षांच्या हमीसह. प्रोसेसरवर लावायचा थर्मल पेस्ट दोनशेला. कार्डासाठी आम्ही चार जीबीचे जीटीएक्स १६५० ठरवले होते, कारण ते पंचाहत्तर वॉटवर चालते आणि तेवढी वीज मदरबोर्डाच्या खाचेतूनच मिळते. वेगळी वायर लागत नाही. विजेची बेरीजही नातवाने केली. प्रोसेसर ८४, कार्ड ७५, बाकीचे चाळीस धरून सुमारे दोनशे वॉट. आमच्या एसएमपीएसवर २४० लिहिलेले. जागा थोडी, पण पुरेशी. वापरलेले कार्ड साडेसात हजारांना, बिल आणि तीन महिन्यांच्या दुकानाच्या हमीसह घेतले आणि विजयी मुद्रेने परतलो.

कॅबिनेट उघडले, आणि कार्ड आत जाईना. वीज मोजली, ठिपके मोजले, पण उंची मोजायची राहिली. सडपातळ कॅबिनेटला ठेंगणे कार्ड लागते, आमचे कार्ड पूर्ण उंचीचे होते. चूक दुकानदाराची नव्हती. त्याने कॅबिनेट पाहिलेच नव्हते आणि आम्ही सांगितले नव्हते. नातवाचा चेहरा उतरला. मला वाटले, आता भाचा बोलणार. भाचा दुकान बंद करून आला होता. त्याने कार्ड हातात घेतले, कॅबिनेटकडे पाहिले आणि म्हणाला, “मीही पहिल्या वर्षी मापे न घेता रॅक बनवून आणले होते. दारातून आत गेले नाहीत.” पंधरा दिवसांनंतर बाप-लेक एकत्र हसले. मग दोघांनी मुलाच्या शाळेच्या कंपासमधील पट्टी घेऊन आतल्या जागेची उंची, लांबी आणि जाडी मोजली.

दुसऱ्या फेरीला माझ्याऐवजी भाचाच मुलाबरोबर गेला. त्याच जातीचे ठेंगणे कार्ड नऊ हजारांना मिळाले. पहिले परत घेताना दुकानदाराने पाचशे कापले, आणि ते रास्तच होते. ठेंगण्या कार्डाबरोबर छोटी लोखंडी पट्टी यावी लागते, नाहीतर ते कॅबिनेटला घट्ट बसत नाही. जुन्या मालात ती पुष्कळदा हरवलेली असते. भाच्याने ती मागून घेतली.

आम्ही एकेक भाग बसवला आणि प्रत्येक वेळी आकडा लिहिला. रॅम बसवल्यावर अडखळणे थांबले आणि चित्रे तिसाच्या जवळ गेली. एसएसडीवर खेळ घातल्यावर तो पंचवीस सेकंदांत सुरू होऊ लागला, पण चित्रांचा आकडा तसूभरही वाढला नाही. गोदाम जवळ आले म्हणून काटा जलद होत नाही, हे नातवाला वहीत डोळ्यांनी दिसले. कार्ड बसले आणि आकडा साठावर स्थिर झाला.

मंद्रूपच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून आतली धूळ काढून पेस्ट बदलणे हे कार्डाइतकेच महत्त्वाचे होते. संगणक भिंतीपासून वीतभर दूर ठेवला. दुकानातील जुना यूपीएस जोडला आणि वायरमनकडून प्लगची अर्थिंग तपासून घेतली. विजेच्या चढउताराने हजारोंचा माल क्षणात जातो.

दोन मुद्द्यांवर मी आग्रह धरला. भाच्याने सहज म्हटले, “बिल दुकानाच्या नावे घेतले असते तर जीएसटीची वजावट मिळाली असती.” मी म्हणालो, “घरच्या खेळाची वस्तू दुकानाच्या वहीत नको.” खासगी वापराच्या मालावर ही वजावट कायद्यानेही मिळत नाही. दुसरे असे, की एका ओळखीच्याने सर्व खेळ फुकटात भरून देतो म्हणून सांगितले होते. चोरीचा माल तो चोरीचाच, दिसत नसला तरी. शिवाय अशा खेळांबरोबर कोणते विषाणू येतील याचा नेम नसतो. म्हणून बँकेचे किंवा दुकानाचे व्यवहार या संगणकावर मुळीच करायचे नाहीत, असेही ठरले. तो विंडोज १० वर चालतो. विंडोज ११ ला इतका जुना प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नियमित सुरक्षा-पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला.

रात्री नातवाने हिशेब मांडला. रॅम १,७००, एसएसडी २,९००, कार्ड ९,०००, परतीची कपात ५००, पेस्ट २००. एकूण १४,३००. शिल्लक ७००. ‘कपात’ या शब्दासमोर त्याने कंसात लिहिले होते, ‘उंची न मोजल्याबद्दल’. उरलेले सातशे त्याने वडिलांपुढे ठेवले. भाच्याने ते परत देऊन सांगितले, “खेळ विकत घे. सवलत लागेल तेव्हा घे.” उन्हाळी सवलतीत तो खेळ काही शे रुपयांत मिळतो, हे भाच्याला ठाऊक होते. म्हणजे त्यानेही गुपचूप चौकशी केली होती.

निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही तिघे हत्तरसंग कुडलला गेलो. सीना आणि भीमा यांचा हा संगम याच तालुक्यात आहे. नद्यांत पाणी थोडेच होते. हरिहरेश्वराच्या मंदिरातील ३५९ मुखे कोरलेले शिवलिंग पाहिले आणि संगमेश्वराच्या मंदिरातील शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा, शिलालेख पाहिला. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांच्या वाचनामुळे प्रसिद्धीस आलेला हा लेख मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मानला जातो. त्याच्या शेवटच्या मराठी ओळीचा आशय असा, की जो हे वाचील तो विजयी होईल. मी तो अर्थ सांगताच भाचा मुलाकडे पाहून म्हणाला, “ऐकलेस ना? खोक्यावरचे सगळे वाचायचे.” नातू म्हणाला, “पप्पा, आणि रॅकची मापेसुद्धा.”

परतताना महामार्गावर ट्रकांची रांग लागली होती. नातू कोणत्या ट्रकला किती चाके, किती टन माल, हे वडिलांना विचारीत होता आणि भाडे, डिझेल, टोल यांचा हिशेब भाचा त्याला सांगत होता. मी मागच्या आसनावर बसून ऐकत होतो. मला बोलण्याची काही आवश्यकता नव्हती.